रात्रभर आडवा झाला नाही

सावकाश बसा. मांडी घालायलाच हवी असं नाही, खुर्ची चालेल, पलंगाची कड चालेल. गळ्याशी, कमरेशी काही घट्ट बसत असेल तर सैल करा. सुरुवात करण्याआधी एक सांगून ठेवतो. हे वाचताना तुमच्या छातीत खरोखरच दुखत असेल, दम लागत असेल, घाम सुटला असेल, तर इथेच थांबा. घरातल्या कुणाला तरी हाक मारा, 108 ला फोन करा, नाहीतर सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयात जा आणि ईसीजी काढून घ्या. मनन उद्याही करता येईल.

दुखत नसेल तर उजवा तळहात छातीच्या मधल्या हाडावर ठेवा, मग दोन बोटं डावीकडे सरकवा. ठोका शोधू नका. लागला तर लागला. हात नुसता असू द्या.

हाताखाली काय आहे? कातडी, बरगड्या, हाड, आणि मग आपण लगेच म्हणतो, काळीज. मधली एक पायरी आपल्या हातून सुटते. हृदय छातीत उघडं टांगलेलं नाही, ते एका पिशवीत आहे. पिशवीचा बाहेरचा थर चिवट आहे, सहजी ताणला जात नाही. खाली तो श्वासपटलाला आणि पुढे छातीच्या हाडाला बांधलेला असतो. आतला थर तलम. तो बाहेरच्या थराला अस्तरासारखा लागलेला असतो आणि वर मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी वळून थेट हृदयाच्या अंगाला चिकटतो. म्हणजे दोन तलम पदर समोरासमोर आले, आणि त्यांच्यामध्ये थोडंसं पाणी. किती? 15 ते 50 मिलिलिटर, चहाच्या चमच्याने मोजले तर तीन ते दहा चमचे. एवढ्या ओलाव्यावर हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा सरकतं. घासत नाही, कुरकुरत नाही, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तीन श्वास या ओलाव्यापाशी थांबा. घाई नाही.

आता त्या पदरांना सूज आली आहे अशी कल्पना करा. डॉक्टर याला पेरिकार्डायटिस म्हणतात, आपण हृदयावरणाचा दाह म्हणू. बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांपूर्वी साधी सर्दी, ताप, जुलाब असं काहीतरी होऊन गेलेलं असतं. सुजलेल्या पदरांतून चिकट द्राव पाझरतो आणि गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत होतो. वैद्यकाच्या पुस्तकांत याला लोणी लावलेल्या पावाच्या दोन तुकड्यांची उपमा आहे. आपण भाकरी घेऊ. दोन भाकऱ्यांना घट्ट लोणी फासून त्या एकमेकींवर दाबल्या आणि ओढून वेगळ्या केल्या, तर लोण्यावर जे उंचवटे आणि धागे उभे राहतात, तसं हृदयाच्या अंगावर दिसतं. आणि अशा पृष्ठभागानेही त्याला लाख वेळा हलायचंच असतं. थांबून बरं होण्याची सवलत हृदयाला नाही.

एक खोल श्वास घ्या. पूर्ण आत. तुमचा श्वास सहज आत गेला. दाह झालेल्या माणसाचा तिथे अडतो. अर्ध्यावर सुरी टोचल्यासारखी चमक येते आणि तो उथळ, तुकड्यातुकड्याने श्वास घेऊ लागतो. खोकला आला तरी तेच. दुखणं छातीच्या मध्यावर किंवा डावीकडे असतं, आणि कधी कधी खांद्याच्या वरच्या कडेवर जातं, शबनमचा बंद जिथे रुततो नेमकं तिथे. त्याचंही कारण आहे. मानेतून निघून श्वासपटलाकडे जाणारी फ्रेनिक नावाची नस वाटेत या पिशवीला बिलगून उतरते. जखम खाली असते आणि मेंदू बोट दाखवतो खांद्याकडे. घरचे म्हणतात उसण भरली, मानेला लचक आली, आणि बाम चोळून देतात.

आता मनातल्या मनात उताणे झोपा. पाठ टेकली, छाती वर आली. दाहाच्या रुग्णाचं दुखणं इथे वाढतं. मग उठून बसा, कोपर गुडघ्यांवर टेका, खांदे पुढे सोडा. पिशवीवरचा ताण उतरतो, दुखणं ओसरतं. मराठीत या बसण्याला एक शब्द आहे: ओणवं. हे चित्र मनात पक्कं ठेवा, कारण मला जे सांगायचं आहे ते सगळं या बसण्यात आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका तालुक्याच्या गावी रात्रपाळीला होतो. चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला, छातीत दुखतंय म्हणून. ईसीजी काढला, त्यात मला काही दिसलं नाही. वय लहान, व्यसन नाही, नाडी थोडी जलद, अंग किंचित कोमट. मी पित्ताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि घरी पाठवलं. त्या आई दाराशी थांबून काहीतरी सांगत होत्या, आणि मी पुढच्या रुग्णाकडे वळलो होतो.

पहाटे ते दोघं परत आले. मुलगा बाकावर ओणवा, रिक्षातून येताना आणलेली उशी पोटाशी धरलेली. आई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मघाशीच सांगत होते मी. कालपासून हा रात्रभर आडवा झाला नाही. पडला की कळवळतो, अन् असा वाकून बसला की गप होतो."

निदान त्या वाक्यात होतं, आणि त्या ते आदल्या रात्रीच मला देऊ पाहत होत्या. मी त्याला तसाच पुढे वाकवून बसवला, छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला स्टेथोस्कोप दाबून धरला, श्वास पूर्ण सोडून थांबायला सांगितलं. आणि तो आवाज आला.

तुम्हालाही ऐकता येईल. डावा तळहात डाव्या कानावर घट्ट दाबा. उजव्या हाताच्या बोटाने त्या हाताची मागची बाजू हळूच खरवडा. खर्र, खर्र-खर्र. जवळून येणारा, कानाशीच घडतोय असं वाटणारा, कोरडा आवाज. पॅरिसमध्ये 1816 साली रने लाएनेक यांनी कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि स्टेथोस्कोपची सुरुवात झाली. त्यांच्याच हाताखाली शिकलेले व्हिक्टर कॉलिन यांनी 1824 मध्ये हृदयावरणाच्या या घासणीचं वर्णन करून ठेवलं. ते तिला नव्या चामड्याचा आवाज म्हणाले. कोल्हापुरी चपलेचा नवा जोड पहिल्यांदा पायात घालून चार पावलं टाकली असतील, तर त्यांना काय म्हणायचं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

नीट ऐकलं तर या आवाजाचे तीन तुकडे असतात. हृदयाचे वरचे कप्पे आकसतात तेव्हा एक, खालचे आकसतात तेव्हा दुसरा, खालचे कप्पे पुन्हा भरू लागतात तेव्हा तिसरा. तिन्ही मिळतातच असं नाही, कधी दोन, कधी एकच. फुफ्फुसाच्या आवरणाचीही अशी घासण असते. दोघींतला फरक ओळखण्याची रीत साधी आहे: श्वास रोखायला सांगायचं. फुफ्फुसाची घासण थांबते, हृदयाची चालू राहते, कारण हृदय श्वास रोखल्यावरही थांबत नाही.

आणि हा आवाज येतो-जातो. सकाळी असतो, दुपारी नसतो, संध्याकाळी पुन्हा हजर. म्हणून एकदा ऐकून घासण नाही असं लिहिणं मला आजही धाडसाचं वाटतं. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीने 2015 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ही घासण तीनातल्या एका रुग्णात किंवा त्याहूनही कमी रुग्णांत सापडते, तर दुखणं दहातल्या साडेआठ-नऊ जणांत असतं. यंत्र लावायच्या आधी रुग्णाचं बोलणं किती काम करून ठेवतं, ते या आकड्यांतून बघा. त्याच मार्गदर्शनात चार खुणा आहेत: हे असं दुखणं, ही घासण, ईसीजीतले विशिष्ट बदल, आणि हृदयाभोवती नव्याने साठलेलं किंवा वाढलेलं पाणी. चारांतल्या दोन जुळल्या की दाह आहे असं त्यात धरलं आहे.

हात खाली घ्या आता, कानावर फार वेळ ठेवू नका.

त्या मुलाचा पहाटेचा ईसीजी बोलका होता. ईसीजीतल्या बारा लीड म्हणजे एकाच हृदयाकडे बारा ठिकाणांहून पाहणं. हृदयविकाराच्या झटक्यात एक रक्तवाहिनी तुंबते, त्यामुळे तिच्या वाट्याच्या भागासमोरच्या लीडमध्ये रेघ वर चढते आणि बहुधा समोरच्या बाजूला खाली उतरते. भांडण एका गल्लीत असतं. दाहात गावभर पाऊस पडतो. जवळजवळ सगळ्या लीडमध्ये एसटीची रेघ वर, तीही झोळीसारखी मधे खोलगट. ठोक्याच्या आधीची पीआरची छोटी सपाट रेघ थोडी खाली बसलेली. आणि एव्हीआर नावाच्या लीडमध्ये हे सारं उलटं. पण दहातल्या सुमारे चार जणांत ईसीजीत हे नमुनेदार बदल दिसत नाहीत. पहिल्या रात्री मी त्या स्वच्छ कागदावर विसंबलो होतो. उलटही होतं. काही निरोगी तरुणांची रेघ मुळातच वर चढलेली असते, आणि तिला दाह समजून घाबरवणं हाही अन्यायच.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. वाकल्यावर बरं वाटलं म्हणून हा झटका नाही, असं घरी बसून कुणीही ठरवू नये. ही खूण डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे, त्यांच्याकडे न जाण्यासाठी नाही. रक्तवाहिनी तुंबली आहे का, महाधमनी फाटली आहे का, फुफ्फुसात गुठळी अडकली आहे का, हे आधी तपासावं लागतं. या तिन्हींत वेळ चुकली की माणूस जातो.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात. सीआरपी वाढलेलं असेल तर सूज आहे आणि औषध अजून चालू ठेवायला हवं. ट्रोपोनिन वाढलेलं असेल तर दाह आवरणाखालच्या स्नायूपर्यंत उतरला आहे. अशा माणसाला पळणं, व्यायाम, जड कामं काही काळ पूर्ण बंद. छातीचा एक्स-रे बऱ्याचदा साधाच येतो. पाणी दोनशे-तीनशे मिलिलिटरच्या वर गेलं की मग हृदयाची सावली सुरईसारखी तळाशी फुगते.

आता पाण्यापाशी थोडं जास्त थांबू या. डोळे मिटून त्या पिशवीकडे पुन्हा बघा. चमचाभर ओलाव्याच्या जागी वाटीभर पाणी. टू-डी इकोच्या पडद्यावर ते धडधडणाऱ्या हृदयाभोवती काळ्या कडीसारखं दिसतं. 1965 मध्ये अमेरिकेत हार्वी फायगेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पाणी अल्ट्रासाउंडने ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याआधी सुई घालेपर्यंत किंवा छाती उघडेपर्यंत नक्की सांगणं अवघड होतं. इकोत पाणी नसेल तरी दाह असू शकतो, हे रुग्णाच्या घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

किती पाणी यापेक्षा किती वेगाने, हा प्रश्न मोठा. पिशवी चिवट आहे, पण तिला वेळ दिला तर ती हळूहळू पसरते. महिन्या-दोन महिन्यांत साठलेलं लिटरभर पाणी घेऊन माणूस चालत दवाखान्यात येतो. तेच दीडशे-दोनशे मिलिलिटर तासाभरात साठलं तर हृदयाला भरायलाच जागा उरत नाही. रक्तदाब उतरतो, मानेच्या शिरा फुगतात, ठोके दूरवरून आल्यासारखे मंद ऐकू येतात. क्लॉड बेक या शल्यचिकित्सकाने 1935 मध्ये ही तीन लक्षणं एकत्र बांधून दिली.

याच अवस्थेतली एक खूण मला फार विचार करायला लावते. मनगटावर नाडी धरून बघा आणि संथ श्वास घ्या. आत घेताना नाडीत फरक जाणवतो का? निरोगी माणसात तो बोटाला कळत नाही. पिशवीत पाणी तुंबलेल्या माणसाची नाडी श्वास आत जाताना बारीक होते, कधी लोपतेच. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी 1873 मध्ये या नाडीचं वर्णन केलं. कारण घरगुती आहे. एका खोलीत दोन भाऊ राहतात आणि भिंती हलत नाहीत. श्वास आत गेला की उजव्या बाजूला जास्त रक्त येतं. बाहेर पसरायला जागा नाही, म्हणून ती मधला पडदा डाव्या बाजूवर ढकलते. डावीच्या वाट्याला कमी येतं, आणि मनगटापर्यंत पोचणारं रक्त तिच्याकडूनच येतं. रक्तदाब श्वासागणिक 10 मिलिमीटरहून जास्त उतरला तर ही खूण आहे असं मानतात. मग वाट बघायची नसते, सुईने पाणी काढायचं असतं.

नाडी सोडा. हात मांडीवर.

युरोप-अमेरिकेत या दाहाचं कारण बहुतेक वेळा विषाणू असतो किंवा सापडतच नाही, आणि औषधाने माणूस बरा होतो. आपल्याकडे आणखी एक नाव कायम मनात ठेवावं लागतं: टीबी. आठवडेच्या आठवडे संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, सैल होत गेलेले कपडे, भरपूर पाणी, आणि दुखणं मात्र फारसं नाही. याखेरीज मूत्रपिंड निकामी झालेले, नुकताच झटका येऊन गेलेले, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, ल्युपससारखे आजार किंवा कर्करोग असलेले, यांच्यातही हा दाह होतो. डायलिसिस नव्हतं तेव्हा मूत्रपिंडाच्या रुग्णात ती चामड्याची करकर ऐकू आली की वैद्य शेवट जवळ आला असं समजत. आज त्याच आवाजावर डायलिसिस वाढवतात आणि रुग्ण घरी जातो.

टीबीचा दाह वेळेवर ओळखला नाही तर पिशवी जाड होते, आकसते, कधी तिच्यात चुना साठून ती कवटीसारखी कडक होते. मग हृदय मुठीत धरल्यासारखं. अशा माणसाचं पोट पाण्याने फुगतं, पाय सुजतात, आणि यकृताचा आजार समजून महिनोन् महिने उपचार चालतात. दारू पीत नसलेल्या माणसावरही नातेवाईक संशय घेतात. मी असे रुग्ण पाहिले आहेत, आणि दर वेळी उत्तर मानेवर होतं. बसलेल्या माणसाच्या मानेच्या शिरा जबड्यापर्यंत भरलेल्या. ज्या श्वास आत घेताना उतरायला हव्यात त्या उलट आणखी चढणाऱ्या. पोट सगळे बघतात. मान बघायला कॉलर बाजूला करावी लागते, उजेडात यावं लागतं आणि दोन मिनिटं काही न बोलता नुसतं बघावं लागतं.

औषधाविषयी एकच गोष्ट, कारण ती आपल्या रानातली आहे. साध्या दाहात आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनबरोबर कोल्चिसिन देतात, कोल्चिसिन साधारण तीन महिने. इटलीत मासिमो इमात्सियो आणि सहकाऱ्यांनी 240 रुग्णांवर केलेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाह रेंगाळण्याचं किंवा उलटण्याचं प्रमाण कोल्चिसिनशिवाय 37.5 टक्के होतं, कोल्चिसिनने 16.7 टक्के. हे द्रव्य कळलावीच्या बियांत आणि कंदात असतं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलणारी तीच कळलावी. तिचा कंद खाऊन माणसं दगावतात. औषध मिलिग्रॅमच्या हिशेबात, डॉक्टरांच्या हातून आणि मूत्रपिंड तपासूनच घ्यायचं असतं. फूल नुसतं बघावं.

तो मुलगा बरा झाला. चौथ्या दिवशी तो उताणा झोपलेला दिसला तेव्हा मी त्याला उठवलं नाही.

आता शेवटचा एक श्वास, आणि डोळे उघडा. तुमच्या घरी कधी कुणाच्या छातीत दुखलं आणि तुम्ही त्यांच्याबरोबर डॉक्टरांसमोर बसलात, तर छातीत दुखतंय एवढ्यावर थांबू नका. दुखणं कधी सुरू झालं, श्वास घेताना वाढतं का, आडवं पडल्यावर काय होतं, कसं बसल्यावर उतरतं, आधी ताप येऊन गेला होता का, हे सांगा. समोरचा डॉक्टर घाईत असेल, मान वर न करता लिहीत असेल, तरी सांगा. त्या आईंसारखं दाराशी थांबून पुन्हा एकदा सांगा.